दाढ काढल्यावर खळगा कसा भरतो

दाढ काढून माणूस घरी येतो आणि आधी काय करतो? जीभ त्या जागी नेतो. तिथे केवढा मोठा खड्डा लागतो! मग मनात येते, हा भरणार कसा? त्यात कोणी माती टाकत नाही की चुना टाकत नाही. तरी तो भरतो. शरीरच तो भरून काढते. ते कसे, हे आज आपण पाहू या.

आधी दात बसलेला कसा असतो ते समजून घ्या. पुष्कळांना वाटते, दात हिरडीत रुतलेला असतो. तसे नाही. हिरडी हे वरचे पांघरूण. दाताचे मूळ असते जबड्याच्या हाडात. त्या हाडात मुळाच्या मापाचा खळगा असतो. खालच्या दाढेला बहुधा दोन मुळे असतात, वरच्या दाढेला तीन. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतू असतात. ते दाताला धरून ठेवतात. म्हणून डॉक्टर दाढ नुसती ओढत नाहीत. ती हलवून हलवून सैल करतात, मग काढतात. जमिनीतला खुंटा आपण असाच उपटतो.

दाढ निघाली की खळगा रक्ताने भरतो. डॉक्टर वर कापडाचा बोळा ठेवतात आणि अर्धा तास तरी दाबून धरायला सांगतात. काही मिनिटांत रक्त थिजते. त्याची गुठळी होते. ही गुठळी म्हणजे घाण नव्हे, हे नीट ध्यानात घ्या. हाच पुढच्या सगळ्या बांधकामाचा पाया. तोंडात रक्ताची चव येते म्हणून लोक खळाखळा चूळ भरतात, पुन्हा पुन्हा थुंकतात, आणि हा पाया स्वतःच्या हाताने उखडून टाकतात.

गुठळी जागेवर राहिली, तर साधारण आठवडाभरात तिच्या जागी तांबडे, मऊ, नवे मांस येते. त्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. कडेची हिरडी हळूहळू आत सरकते. दोन-चार आठवड्यांत वरचे तोंड मिटते. माणसाला वाटते, झाले, बरे झाले! पण खाली काम तर आता कुठे सुरू झालेले असते. खळग्याच्या तळाशी आणि भिंतींना दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास नवे हाड धरू लागते. आधी ते कच्चे असते, जाळीसारखे. दोनेक महिन्यांत खळगा बराचसा अशा हाडाने भरतो. ते पक्के व्हायला आणखी काही महिने जातात. आपल्या हाडात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. एक जुने हाड पोखरून काढणाऱ्या, दुसऱ्या नवे रचणाऱ्या. घर दुरुस्त करताना एक गडी पडकी भिंत उतरवतो आणि मागून गवंडी नवी चढवतो, तसेच हे.

कधी काही आठवड्यांनी हिरडीतून हाडाची बारीकशी कपची वर येते. लोक घाबरतात. "डॉक्टरने मूळ आतच ठेवले," म्हणतात. बहुधा ते मूळ नसते, खळग्याच्या काठाचा तुकडा असतो. डॉक्टरांना दाखवावे, म्हणजे शंका राहत नाही.

आता गुठळी निघून गेली तर काय होते? खळग्यातले हाड उघडे पडते. दुखणे कमी व्हायचे, ते तिसऱ्या दिवसाच्या सुमारास वाढते. कळ कानापर्यंत जाते, तोंडाला घाण येते. खालच्या अक्कलदाढेला हा त्रास जास्त होतो. बिडी ओढणाराला तर फार. अशा वेळी लवंग, हळद, तुरटी खळग्यात कोंबू नका. डॉक्टरांकडे परत जा. ते खळगा धुऊन औषध भरतात, आणि बहुधा लवकर आराम पडतो.

म्हणून पहिला दिवस जपायचा. चूळ नाही, जोराने थुंकणे नाही, कढत चहा नाही. गार मऊ भात खावा, दुसऱ्या बाजूने. दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात मीठ घालून हलकेच तोंड धुवावे. आणि तंबाखू, बिडी, मिसरी? आमचे गाववाले म्हणतात, "गुरुजी, भाकरी सोडू, पण चिमूट सुटत नाही." आम्ही म्हणतो, जन्माची नको सोडू बाबा, निदान जखम भरेपर्यंत सोड. पुढचे पुढे बोलू.

मधुमेह असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, हाडे बळकट करायचे औषध चालू असेल, तर दाढ काढण्याआधीच सांगावे. काही औषधांमुळे जबड्याचे हाड भरूनच येत नाही, असेही क्वचित घडते. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. आणि वरचा दात काढला की डोळे जातात, ही भीती सोडा. पाहण्याची शीर वेगळी, दाताची वेगळी.

एक गोष्ट राहिली. खळगा भरतो, पण हाड पहिल्याइतके रुंद आणि उंच राहत नाही. दाताभोवतीचे हाड दातासाठीच असते. लंडनचे शस्त्रवैद्य जॉन हंटर यांचे दातांवरचे पुस्तक 1771 साली निघाले. दात गेला की त्याच्या भोवतीचे हाडही झिजते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. गालाकडची भिंत पातळ असते, ती जास्त खचते. वर्षभरात हाडाची रुंदी निम्म्यापर्यंतही उतरू शकते, आणि त्यातली बरीच घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हाताऱ्या माणसाचे गाल बसतात आणि हनुवटी पुढे आल्यासारखी दिसते, त्याचे एक कारण हेच.

कवळी बसवायची असेल त्यांनी हे आधीच विचारून घ्यावे. घाईने, हाड झिजत असतानाच कवळी केली, तर चार महिन्यांनी ती सैल होते, बोलताना हलते, भाकरी चावत नाही. मग ती डबीत पडून राहते आणि पैसे गेले म्हणून हळहळ होते. अशी कवळी फेकून देऊ नका. पुष्कळदा डॉक्टर तिला आतून नवे अस्तर लावून देतात आणि ती पुन्हा घट्ट बसते.