नखांचा वारसा : क्लाउस्टन सिंड्रोम

मुलाची नखे जाड, पिवळसर, वेडीवाकडी दिसू लागली की आपल्या घरांत दोनच निदाने होतात. आजी म्हणते, "कॅल्शियम कमी पडतंय." बाकीचे म्हणतात, "बुरशी आहे." मोठ्या माणसांच्या पायाच्या नखांबाबत बुरशीचा अंदाज पुष्कळदा बरोबरही ठरतो. पण लहान मुलाची वीसच्या वीस नखे एकदम बिघडली असतील, तर माझ्यासारखा त्वचारोगाचा डॉक्टर आधी एकच विचारतो : घरात आणखी कोणाची नखे अशी आहेत?

या प्रश्नाचे उत्तम उदाहरण आपल्या कॅनडातलेच आहे. क्वेबेक प्रांतातील हंटिंग्डन या छोट्या गावी डॉ. हॉवर्ड क्लाउस्टन हे वैद्यकीय व्यवसाय करीत. १९२९ साली कॅनेडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्यांनी एका फ्रेंच-कॅनेडियन घराण्याची हकिकत प्रसिद्ध केली. पिढ्यान्‌पिढ्या त्या घराण्यात नखे जाड, केस विरळ आणि तळहात-तळपाय राठ असत. पुढे या विकाराला त्यांचेच नाव मिळाले. तो दुर्मिळ असला तरी फ्रेंच-कॅनेडियनांपुरता नाही. १९९७ मध्ये एका मोठ्या भारतीय कुटुंबाचा अभ्यासही प्रसिद्ध झाला, आणि त्यातही दोष तेराव्या गुणसूत्राच्या त्याच भागात सापडला.

२००० साली नेमके जनुक हाती लागले. त्याचे नाव जीजेबी-६. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना निरोप देतात त्या बारीक दारांचे एक प्रथिन हे जनुक बनवते. दारे बिघडली की त्वचा, केस आणि नखे यांची घडण बिघडते. बालपणी नखे दुधासारखी पांढरी दिसू शकतात; मग हळूहळू जाड होतात, सावकाश वाढतात, खालच्या मांसापासून सुटतात. नखुरडे वारंवार होते. केस ठिसूळ व विरळ, भुवया आणि पापण्याही तशाच. काहींमध्ये मात्र नखांपलीकडे फारसे काही दिसत नाही, आणि चुकीचे निदान तिथेच होते.

दात मात्र बहुधा चांगले असतात आणि घामही नीट येतो. हे महत्त्वाचे, कारण याच्या एका चुलतभावात घामच येत नाही. डार्विनने १८७५ साली सिंधमधील एका हिंदू कुटुंबाचा उल्लेख केला आहे. चार पिढ्यांतील दहा पुरुषांना दात मोजके, केस कमी आणि त्वचा अतिशय कोरडी. अशा मुलाला उन्हाळ्यात अंग तापण्याचा धोका असतो. म्हणून "बाळाला घाम येतो का?" हे मी आवर्जून विचारतो.

क्लाउस्टनमध्ये आई किंवा वडील यांपैकी एकाला दोष असला तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी. मुलगा-मुलगी असा भेद नाही. एका आईने मला दबक्या आवाजात सांगितले होते, "सासऱ्यांचीही तशीच आहेत, पण लग्नाच्या वेळी कोणी बोललं नाही." त्या मुलाला तोवर बुरशीच्या गोळ्या दोनदा देऊन झाल्या होत्या, तपासणी एकदाही नाही. या गोळ्यांचा परिणाम यकृतावर होऊ शकतो. नखाचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवून बुरशी आहे की नाही ते आधी पाहावे, असा माझा आग्रह असतो.

मुळावर उपाय अजून नाही. पण नखे कोमट पाण्यात भिजवून कापणे, कानशीने घासणे, युरिया असलेले मलम लावणे, मऊ तळव्याचे बूट घालणे याने बराच आराम पडतो. इथल्या हिवाळ्यात तळव्यांना भेगा पडतात. तेव्हा मलम रात्री लावून वर सुती मोजे घालावेत. नखुरडे लाल होऊन ठणकू लागले तर दुसऱ्याच दिवशी दाखवावे.

फॅमिली डॉक्टरांकडून त्वचातज्ज्ञ आणि जनुकतज्ज्ञ यांच्यासाठी रेफरल मागून घ्या. जाताना आजोबा, काका, आत्या यांच्या हातांचे फोटो भारतातून मागवून घेऊन जा.