'तेकेतेके'चा धडा : जपानी गिटार आणि नक्कल

आमच्या वाड्यावरच्या एका अंकलकडे जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. ते जहाजावर कामाला होते, तेव्हा योकोहामा बंदरात घेतलेली. चार पिकअप आणि प्रत्येकाला वेगळा स्विच! लग्नाच्या बँडमध्ये त्यांनी ती कित्येक वर्षं वाजवली, पण कोणी विचारलं की म्हणायचे, "सोड गो बाय, जपानी माल तो. अमेरिकन गिटारची नक्कल." परवा त्यांनी ती भंगारात काढली. मी ती मागून घेतली आणि अभ्यासाला बसले. जे हाती लागलं ते मंडळाच्या मित्रमैत्रिणींसमोर ठेवते.

गिटारवर नाव आहे 'टेइस्को'. ही कंपनी १९४६ साली टोकियोत सुरू झाली. संस्थापकांपैकी आत्सुओ कानेको हे स्वतः हवाईयन गिटार वाजवणारे. साल लक्षात घ्या. बॉम्बहल्ल्यांत टोकियो बेचिराख झालं होतं. युद्धकाळात जपान सरकारने जॅझसारख्या संगीतावर 'शत्रूचं संगीत' म्हणून बंदी घातली होती. १९४५ नंतर तोच शत्रू देशाचा ताबा घेऊन बसला, त्याच्या लष्करी तळांवर क्लब निघाले आणि तिथे वादक हवे होते. काल जे वाजवणं गुन्हा होता, तेच आज पोटापाण्याचं साधन झालं.

खरी लाट आली १९६५ मध्ये. जानेवारीत अमेरिकेच्या 'व्हेंचर्स' या बँडचा जपान दौरा झाला. त्यांचं संगीत बहुतेक शब्दांशिवायचं, म्हणजे भाषेची अडचणच नाही. पोरं वेडी झाली. 'इलेक्ट्रिक'चा तुकडा पाडून जपानीने नवा शब्द केला, 'एरेकि'. तारेवर बोट खाली सरकवत भराभर छेडल्यावर जो आवाज येतो, त्याला नाव पडलं 'तेकेतेके'.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी इथे जरा थांबावं. हा आपल्या व्याकरणातला अनुकरणवाचक शब्द. जशी पावसाची रिपरिप, पैंजणांची छुमछुम. एखादा आवाज आपण आपल्या अक्षरांत लिहिला की तो परका राहत नाही. त्या १९६५ मधल्या, लहान गावातल्या शाळकरी मुलांच्या बँडवर आशिहारा सुनाओ यांनी कादंबरी लिहिली. तिच्या नावातच 'देन्देकेदेकेदेके' हा गिटारचा आवाज आहे. तिला १९९१ साली नाओकी पुरस्कार मिळाला.

मोठ्या माणसांना मात्र हे रुचलं नाही. एरेकि म्हणजे वाया जाणं, असा समज झाला. आशिकागा शहराच्या शिक्षण मंडळाने तर १९६५ मध्येच विद्यार्थ्यांना मनाई केली. पुढच्या वर्षी बुदोकान या युद्धकलांच्या सभागृहात बीटल्स वाजवणार म्हटल्यावर राष्ट्रवादी गटांनी निषेध केला. कार्यक्रम झालेच.

गिटारी बनवल्या कोणी? नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो शहरात 'मात्सुमोकु' नावाचा कारखाना होता. तो शिवणयंत्रांची लाकडी कपाटं करायचा. तेच सुतारकाम पुढे गिटारीकडे वळलं. १९७१ पर्यंत डॉलरचा दर ३६० येन असा बांधलेला होता, त्यामुळे जपानी गिटार अमेरिकेत स्वस्त पडायची. तिथल्या असंख्य मुलांची ती पहिली गिटार. शिकागोचा ब्लूज वादक हाउंड डॉग टेलर असल्याच स्वस्त जपानी गिटारवर गाजला.

आता नक्कलेचं. साठच्या दशकातल्या या गिटारींची प्रेरणा परकी होती, पण रूप त्यांचं स्वतःचं. हुबेहूब नकला जास्त करून सत्तरच्या दशकातल्या. १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकेतल्या शाखेवर गिटारच्या डोक्याच्या आकारावरून दावा लावला. तो कोर्टाबाहेर मिटला. पण त्या नकला करता करता कारागिरांचा हात बसला होता. १९८२ मध्ये खुद्द फेंडर कंपनीने जपानी भागीदारांबरोबर 'फेंडर जपान' काढली. ज्याची नक्कल केली, तोच गिटार करून घ्यायला दारात आला!

मला वाटतं, नक्कल ही शिकण्याची पायरी आहे. तिथेच बसून राहिलं तर मात्र ती चोरी होते. आपणही पहिली कविता कोणाच्या तरी वळणावरच लिहितो ना?

हे सगळं मी अंकलना सांगितलं. गिटार त्यांच्यासमोर ठेवून म्हटलं, "ही नक्कल नव्हे." ते बराच वेळ गप्प होते. मग एकेक स्विच दाबून पाहत म्हणाले, "बाजारात गेलीस तर पहिली तार आणून दी."

वाचकांसाठी स्वाध्याय : घुमट, ढोल, तंबोरा यांच्या आवाजांना तुमच्या घरात कोणते शब्द आहेत? लिहून मंडळाकडे पाठवा.