प्रदर्शनात मशीन बुक करण्याआधी हे वाचा



मागच्या बॅचमधल्या एकाचा फोन आला. "सर, फ्लेक्सचं मशीन घ्यायचंय. मुंबईच्या प्रदर्शनात ऑफर आहे, बुक करून टाकू का?" मी म्हटलं, थांब. ही चूक मी करून बसलोय.

तेव्हा माझ्या दुकानात झेरॉक्स, व्हिजिटिंग कार्ड आणि लग्नपत्रिका एवढंच होतं. पहिल्यांदाच प्रदर्शनाला गेलो. झगमगते स्टॉल, मशीनमधून सरसर निघणारे बॅनर... "ही किंमत फक्त शोपुरती," सेल्समन म्हणाला, आणि मी ५० हजार ॲडव्हान्स देऊन आलो. चार महिन्यांत हेड चोक झालं. इंजिनिअर यायला ९ दिवस लागले, तेही ऐन गणपतीत. सगळ्या ऑर्डरी शेजारच्या गावात गेल्या. मशीन वाईट नव्हतं. मीच न विचारता पैसे दिले होते.

म्हणून आजचा धडा: आधी मासिक, मग प्रदर्शन, आणि शेवटी खरेदी.

मासिक कशासाठी?
गाण्यांच्या यादीसाठी प्रसिद्ध असलेलं 'बिलबोर्ड' १८९४ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीत सुरू झालं, ते पोस्टर चिकटवणाऱ्या धंदेवाल्यांसाठी. म्हणजे आपल्याच लाईनचे लोक! प्रत्येक धंद्याचं असं स्वतःचं मासिक असतं. आपल्याकडे छपाईसाठी 'प्रिंटवीक' आहे.

त्यात अमुक प्रेसने तमुक मशीन बसवलं, अशा बातम्या असतात. त्या नीट वाचा. मासिकं मशीन कंपन्यांच्या जाहिरातींवर चालतात, त्यामुळे कौतुक थोडं बाजूला ठेवा. पण मशीन घेणाऱ्याचं नाव मिळतं ना? त्याला फोन करा. "दादा, मशीन बंद पडलं तर इंजिनिअर किती दिवसांत येतो?" हे तो जितकं खरं सांगेल तितकं स्टॉलवर कोणी सांगणार नाही.

प्रदर्शनात काय करायचं?
साइनेज आणि जाहिरात छपाईसाठी मुंबईत 'मीडिया एक्स्पो' भरतं, छपाईसाठी 'पॅमेक्स'. व्हिडिओ-कॅमेरावाल्यांसाठी 'ब्रॉडकास्ट इंडिया' आहे. जाताना हे चार नियम पाळा:

१. स्वतःची फाईल पेनड्राईव्हवर न्या. त्यांची डेमो फाईल नेहमी सुंदरच दिसते.
२. प्रिंट कोणत्या मोडवर काढली ते विचारा. सर्वात जास्त स्पीड आणि सर्वात चांगली क्वालिटी एकाच वेळी मिळत नाही.
३. नवीन हेड कितीला, ते वॉरंटीत येतं का, एका चौरस फुटाला शाई किती लागते आणि इंजिनिअर कोणत्या शहरात बसतो, हे सगळं लेखी घ्या.
४. त्या दिवशी यूपीआयला हात लावायचा नाही! ऑफर पंधरा दिवसांसाठी लेखी मागा. नाही म्हणाले, तर पुढचा स्टॉल बघा.

तो विद्यार्थी आता तेच मशीन वापरणाऱ्या दोन दुकानदारांशी बोललाय. जवळचा इंजिनिअर दोनशे किलोमीटरवर बसतो, हे त्याला कळलं. बुकिंग त्याने थांबवलंय. एका फोनचा खर्च, आणि माझे मात्र गणपती गेले होते.

गृहपाठ: तुमच्या धंद्याचं एक मासिक शोधा. त्यातून मशीन घेतलेल्या एका दुकानदाराचं नाव काढा आणि या आठवड्यात त्याला फोन करा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!