मागे कोण बसलंय?

अगं चिमे, कॅम्पर व्हॅन ठरवलीस, छान केलंस. मे महिन्यात पुण्याहून नागपूर, तेही सासूबाई आणि लाडू कुत्र्याला घेऊन! तुझ्या हौसेच्या आड मी येणार नाही. पण तू पाठवलेल्या फोटोंत पडदे दिसले, उशा दिसल्या, चहाचा कोपरा दिसला. मागे एसीची हवा कुठून येते ते मात्र दिसलं नाही. तेवढं मालकाला विचारून घे.

कितीतरी व्हॅनमध्ये गाडी चालताना मिळणारा गारवा डॅशबोर्डापुरताच असतो. पुढे तुम्ही दोघं ‘जरा कमी कर’ म्हणत असाल आणि मागे सासूबाई पदराने वारा घेत बसलेल्या. त्या बोलणार नाहीत, सुनेनं हौसेनं काढलेली सहल ना! लाडूला तर बोलताच येत नाही. म्हणून एक साधं भिंतीवरचं थर्मामीटर घे आणि मागे, सासूबाईंच्या डोक्याच्या उंचीला टांग. टपाची झळ वरूनच येते. लाडूच्या जागी खालच्या पत्र्यावर अधूनमधून स्वतःचा तळहात टेकवून बघ. गाडीत गरम होतंय की नाही, हे पुढच्या सीटवर बसून ठरवायचं नाही.

मागे वेगळा ब्लोअर असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर मधला पडदा सताड उघडा ठेव आणि पुढची गार हवा मागे ढकलायला बारा व्होल्टचा छोटा पंखा सीटच्या पाठीला लाव. निघण्याआधी सगळी दारं उघडून कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ दे, मग एसी. गाडी गार झाली की आतलीच हवा फिरवायचं बटण दाब. पण तासन्‌तास तसंच ठेवू नकोस, चालवणाऱ्याला पेंग येते. एसी चालू असताना टपावरचा बाहेर हवा फेकणारा पंखा बंदच हवा, नाहीतर गारवा वरून निघून जाईल. एसी बिघडलाच तर उघड्या खिडकीवर ओलं कापड बांध. विदर्भाच्या कोरड्या हवेत ते काम करतं, वाळ्याच्या ताटीसारखंच. (कोकणात जाशील तेव्हा हे विसरून जा, तिथे नुसता दमटपणा वाढेल.)

आणि वेळ! आपल्याकडे मेमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, शून्य सावलीचे दिवस याच महिन्यातले. खिडक्यांना कितीही पडदे लाव, टप तापणारच. पहाटे चारला निघालात तर ऊन चढेपर्यंत संभाजीनगर मागे पडेल. दुपारी जालन्याला कुत्रा चालेल अशी एसी खोली आधीच फोन करून घे आणि पाच वाजता पुढे निघा. समृद्धी महामार्गावर झाडाखाली थांबू, असा बेत करू नकोस. जुन्या रस्त्यांसारखी गर्द सावली तिथे नाही.

सासूबाईंना तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, उतारवयात तहान उशिरा कळते. त्यांची बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर पाणी आणि मीठ किती, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचार. मिठाचं पन्हं मनाने सुरू करू नकोस.

खरी काळजी मला लाडूची आहे. कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांच्या गादीला. बाकी सगळं धापा टाकून. त्यात हा पग, नाक चपटं, श्वासाची वाट अरुंद. धाप थांबेना, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या किंवा चाल डगमगली, की गाडी थांबव. आधी अंगावर गार पाणी ओत, सोबत वारा घाल. मग पशुवैद्यांकडे पळ. ओल्या टॉवेलात गुंडाळू नकोस, उष्णता आतच कोंडते. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणीही ओतू नकोस.

‘पाच मिनिटांत आलो’ म्हणून त्याला गाडीत एकट्याला ठेवायचं नाही. उन्हात उभी गाडी दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी तापते, खिडकीला फट ठेवली तरीही. इंजिन आणि एसी चालू ठेवून गेलात आणि इंजिन बंद पडलं तर? जेवायला उतराल तेव्हा एकाने त्याच्याजवळ थांबायचं किंवा त्याला सोबत न्यायचं. उतरवताना डांबरावर हाताची मागची बाजू सातेक सेकंद टेकव. तुला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

उन्हाळा म्हणून सासूबाई कमरेच्या पिशवीत कांदा ठेवतील. ठेवू दे, पण तो लाडूच्या तोंडी लागता कामा नये. कांद्याने कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटतात, मग तो कच्चा असो की पिठल्यात शिजलेला. त्यांचा लाडूवर जीव आहे आणि आपल्या पानातला घास गुपचूप भरवायची सवयही आहे, तेव्हा डबाच बिनकांद्याचा कर.