देवदारी खोक्याचें लांकूड

बाजारांत 'देवदारी खोकें' म्हणून जें विकलें जातें, त्याच्या फळ्या पुष्कळदा देवदाराच्या नसून पाइनच्या असतात. नांवाचा हा घोटाळा सुतारकामाच्या वर्गांत महाग पडतो. देवदाराच्या तेलकट गाभ्याला वाळवी सहसा लागत नाहीं. पाइन मात्र ती आवडीनें खाते. तेव्हां भिंतीला टेकून ठेवावयाचें पुस्तकांचें कपाट करणाऱ्या विद्यार्थ्यानें करवत घेण्यापूर्वीं लांकूड ओळखावें.

फळीचें टोंक धारदार पटाशीनें तासून भिंगाखालीं धरावें. सागवानांत वर्षवलयाच्या कडेला सुईनें टोचल्यासारखीं छिद्रें दिसतात. पाइनमध्यें तशीं छिद्रें नसतात. फिकट व गडद पट्टे आळीपाळीनें येतात आणि त्यांत राळेच्या नलिकांचे बारीक ठिपके विखुरलेले आढळतात. निरोगी देवदारांत या नलिका नसतात. मग वास घ्यावा. पाइनला टर्पेंटाइनचा वास येतो, आणि यांत नवल नाहीं. याच वर्गांतील झाडांच्या चिकाचें ऊर्ध्वपातन करून टर्पेंटाइन काढितात व मागें राळ उरते. हिमालयांतील चीड हा पाइनच होय. संस्कृतांत त्यास सरल म्हणत; हत्तींनीं गाल घासल्यानें स्रवलेल्या सरलाच्या चिकाचा सुगंध 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गांतही दरवळतो.

शास्त्रांत पाइनला मृदुकाष्ठ म्हणतात. तथापि हा शब्द मऊपणावरून घेऊं नये. काटेसावर शास्त्रदृष्ट्या कठिणकाष्ठ असून चिडाहून मऊ आहे!

खोक्यावरील शिक्का अवश्य वाचावा. गव्हाच्या ओंबीच्या चिन्हाजवळ 'एचटी' हीं रोमन अक्षरें असल्यास फळीचा गाभा 56 अंश सेल्सियसवर सलग 30 मिनिटें तापविला आहे असें समजावें. 'एमबी' म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. तसल्या फळ्या आम्ही मुलांच्या हातीं देत नाहीं. तेलाचे किंवा अनोळखी रसायनांचे डाग असलेलें खोकेंही, शिक्का कोणताही असो, परत करावें.

फिकट पट्टा मऊ व गडद पट्टा टणक असल्यामुळें बोथट रंध्याखालीं मऊ भाग चेपला जातो व पृष्ठभाग लहरी होतो. पातें चांगलें परजून पातळ कीस काढावा. गांठीभोंवतीं रेषा वळतात, म्हणून तेथें दोन्ही बाजूंनीं गांठीकडे रंधा चालवावा. टोंकाजवळ खिळा ठोकतांच फळी चिरते. गिरमिटानें आधीं बारीक भोंक पाडावें, अथवा खिळ्याचें अणकुचीदार टोंक हातोडीनें किंचित् बोथट करावें. तीक्ष्ण टोंक पाचरीप्रमाणें तंतू फांकवितें, बोथट टोंक ते तोडीत आंत जातें. करवतीला चिकटलेली राळ टर्पेंटाइनच्या फडक्यानें निघते.

रंगाच्या कामांत गांठी फार छळतात. आंतील राळ पाझरून वर पिवळट डाग उमटतात. याकरितां स्पिरिटमध्यें विरघळविलेल्या चपडी लाखेचे दोन हात प्रत्येक गांठीवर द्यावे, पहिला पूर्ण सुकल्यावर दुसरा, आणि मगच रंगाचा डबा उघडावा.