खुरप्याचे लोखंड कुठे गेले?

या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. आईचे खुरपे मी भाजीच्या वाफ्यातच विसरलो. ते श्रावणभर पावसात भिजले. सापडले तेव्हा ते लालभडक झाले होते. आबांनी दगडावर घासले तर गंजाचे पापुद्रे पडले आणि टोक मोडले. आईला निंदणीला जायचे होते. तिला शेजारच्या काकूंचे खुरपे मागून न्यावे लागले. आई रागावली नाही. ती एवढंच म्हणाली, "लोखंडाची माती झाली बघ."

मी गुरुजींना विचारले, "गुरुजी, लोखंडाची खरंच माती होते का?" गुरुजी म्हणाले, "आपण करूनच बघू."

साहित्य : लोहारकाकांकडून आणलेला कानशीचा कीस, मीठ, पाणी, बशी, दोन पेले, लोहचुंबक, परीक्षानळी, चिमटा, स्पिरिटचा दिवा, दोन खिळे.

कृती : बशीत लोखंडाचा कीस पसरला. त्यावर रोज मिठाचे पाणी शिंपडले. आठ दिवसांत काळा कीस पिवळट तपकिरी झाला. मग तो पेल्यात पाण्याबरोबर ढवळला. जड कीस लगेच तळाशी बसला. वरचे गढूळ पाणी दुसऱ्या पेल्यात ओतले. त्यातला गाळ सावकाश खाली बसला. मीठ जावे म्हणून पाणी तीन वेळा बदलले. गाळ उन्हात खडखडीत वाळवला. लोहचुंबक कागदात गुंडाळून त्या भुकटीवरून फिरवले. उरलेला थोडा कीस चिकटून आला, तो काढून टाकला.

नंतर गुरुजींनी थोडी भुकटी परीक्षानळीत घालून दिव्यावर तापवली. नळीचे तोंड किंचित खाली धरले होते, म्हणजे पाणी मागे वाहून तापलेली काच तडकत नाही.

काय दिसले : नळीच्या थंड तोंडाशी पाण्याचे थेंब जमले! भुकटी तर उन्हात वाळवलेली होती. मग पाणी आले कुठून? गुरुजी म्हणाले, "ते गंजाच्या आतच होतं." पाणी गेले तशी पिवळट भुकटी लाल झाली. अगदी गेरूसारखी.

अनुमान : ओल असली की लोखंड हवेतला ऑक्सिजन घेते आणि त्याचा गंज होतो. गंजात पाणीही असते. तापवून पाणी घालवले की लोखंडाचे लाल ऑक्साइड उरते. शुद्ध लाल ऑक्साइड १० ग्रॅम घेतले तर त्यात सुमारे ७ ग्रॅम लोखंड आणि ३ ग्रॅम ऑक्सिजन असतो. म्हणजे खुरप्याचे लोखंड नाहीसे झाले नाही. ते गंजात आहे, पण त्याने आता निंदता येत नाही.

गेरूचा लाल रंगही याच ऑक्साइडाचा असतो. कोकणातला जांभा दगड त्यामुळेच लाल दिसतो. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांतही लाल आणि पिवळी माती रंग म्हणून वापरली आहे. दोन्ही रंग लोखंडाचेच!

आणखी एक प्रयोग : एका खिळ्याला गोडेतेल लावले, दुसरा तसाच ठेवला. दोन्ही ओल्या फडक्यावर ठेवले. कोरा खिळा गंजला. तेलाचा खिळा चांगला राहिला, फक्त टोकाशी तेल पुसले गेले होते तिथे एक ठिपका पडला. तेलामुळे पाणी आणि हवा लोखंडापर्यंत पोचत नाही.

मित्रांनो, विळा, खुरपे, कुऱ्हाड काम झाल्यावर धुऊन पुसा आणि तेलाचा हात फिरवा. आलेल्या पालकांनीही फाळाला तेल लावून ठेवावे. आमच्या घरी हे काम आता माझे आहे. लोहारकाकांनी खुरप्याला नवे टोक काढून दिले आहे.

या भित्तिपत्रकाची लाल किनार बघा. ती आमच्याच भुकटीत बाभळीचा डिंक कालवून रंगवली आहे.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी