मुक्त शैक्षणिक साहित्य : ओळख आणि आरंभ

२० जुलै १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली. सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहे आणि वाचनालये यांना शेजारी शेजारी स्थान होते. १९२५ मध्ये सोलापूर येथे सभेचे वसतिगृह सुरू झाले. राहण्याची आणि जेवणाची सोय झाली तरी मुलाच्या हाती ग्रंथ पडल्यावाचून शिक्षण पूर्ण होत नाही, हा धडा निवासी शाळांनी त्या काळापासून गिरवला आहे. आज ग्रंथाचे कपाट मोबाईलच्या पडद्यावर येऊन ठेपले आहे. ते उघडावे कसे, त्यातील काय घ्यावे आणि त्यात आपण काय ठेवावे, याची प्राथमिक माहिती माजी विद्यार्थी व पालक यांना करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

मोफत आणि मुक्त

‘मुक्त शैक्षणिक साहित्य’ ही संज्ञा २००२ मध्ये युनेस्कोच्या एका परिषदेत रूढ झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने याविषयी सदस्य राष्ट्रांना औपचारिक शिफारसही केली. या संज्ञेतील ‘मुक्त’ शब्दाचा अर्थ केवळ ‘पैसे न लागणारे’ असा नाही. असे साहित्य स्वतःजवळ जतन करता येते, वर्गात वापरता येते, आपल्या गरजेप्रमाणे बदलता येते, दुसऱ्या साहित्याशी जोडता येते आणि इतरांना वाटता येते. या पाच मोकळीका मिळाल्या तरच साहित्य मुक्त म्हणावे.

उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या बालभारतीची पाठ्यपुस्तके आज संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. ही मोठीच सोय आहे. परंतु प्रत्येक पुस्तकाच्या आरंभी सर्व हक्क मंडळाकडे असल्याचे आणि लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नसल्याचे छापलेले असते. म्हणजे ते पुस्तक वाचावयास मोफत आहे. त्याचे भाषांतर करून छापण्यास आपण मोकळे नाही.

परवान्याची खूण

साहित्य मुक्त आहे की नाही, हे त्यावरील परवान्यावरून कळते. जगभर सर्वाधिक वापरले जाणारे परवाने ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या संस्थेचे आहेत. त्यांचा पहिला संच डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. साहित्याखाली ‘सीसी’ ही खूण आणि तिच्यापुढे काही अक्षरे असतात. ती चार अक्षरयुग्मे ओळखता आली की निम्मे काम झाले.

‘बाय’ म्हणजे मूळ कर्त्याला श्रेय द्यावे. ‘एसए’ म्हणजे बदल करून प्रसिद्ध केलेले साहित्यही त्याच परवान्याखाली खुले ठेवावे. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी उपयोग करू नये. ‘एनडी’ म्हणजे बदललेली आवृत्ती प्रसिद्ध करू नये. शेवटची खूण असेल तर भाषांतर प्रसिद्ध करता येत नाही, हे विशेष ध्यानात ठेवावे. कोणतीच खूण नसेल तर हक्क राखीव आहेत असे समजावे. गुगलवर शोधताना समोर आलेले प्रत्येक चित्र सर्वांचे असते, हा समज चुकीचा आहे.

पहिले पाऊल : दीक्षा

‘दीक्षा’ हा शब्द आपल्या समाजाच्या अंतःकरणाशी जोडलेला आहे. त्याच नावाचा राष्ट्रीय शैक्षणिक मंच ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी सुरू झाला. आरंभ येथून करणे सर्वांत सोपे, कारण त्याची किल्ली मुलाच्या दप्तरातच आहे. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पृष्ठावर आणि पाठांमध्ये चौकोनी क्यूआर कोड छापलेले असतात. मोबाईलवर दीक्षा ॲप घ्यावे, मंडळ, माध्यम व इयत्ता निवडावी आणि ॲपमधूनच तो कोड स्कॅन करावा. पहिल्या पृष्ठावरील कोडने डिजिटल पुस्तक उघडते आणि पाठातील कोडने त्या पाठाशी संबंधित दृक्‌श्राव्य साहित्य मिळते.

खेड्यातील पालकांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ॲपमध्ये एकदा उतरवून घेतलेले साहित्य पुढे इंटरनेटवाचून पाहता येते. आठवडी बाजारासाठी पांढरकवड्यास आले असता चांगली रेंज मिळाल्यावर ते उतरवावे आणि घरी गेल्यावर मुलाला दाखवावे. वसतिगृहात एका शिक्षकाच्या मोबाईलवरील पाठ मोठ्या पडद्यावर लावला तर पूर्ण वर्गास तो पुरतो.

दुसरे पाऊल : स्टोरीवीव्हर

पाठ्यपुस्तकाने परीक्षा साधते. वाचनाची गोडी मात्र गोष्टींनी लागते. प्रथम बुक्स या संस्थेने ८ सप्टेंबर २०१५ रोजी, आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी, ‘स्टोरीवीव्हर’ हा मंच खुला केला. त्यावर मराठीसह अनेक भाषांतील सचित्र बालकथा आहेत. त्या वाचनाच्या पातळीनुसार मांडलेल्या असल्याने नुकतेच अक्षर ओळखू लागलेल्या मुलापासून सराईत वाचकापर्यंत प्रत्येकाला योग्य गोष्ट निवडता येते. गोष्टी ‘सीसी बाय ४.०’ परवान्याखाली असल्यामुळे त्या छापणे, वाटणे आणि भाषांतरित करणे या तिन्ही गोष्टी श्रेय देऊन मोकळेपणाने करता येतात.

वाचनापुरता मंच कोणालाही खुला आहे. भाषांतरासाठी विनामूल्य नोंदणी करावी, गोष्ट निवडावी, भाषांतराचा पर्याय घ्यावा आणि भाषा ठरवावी. मूळ पान पाहत पाहत आपल्या भाषेत मजकूर लिहीत जावे. चित्रे मूळचीच राहतात. शेवटी तपासून प्रसिद्ध करावे. देवनागरीत टंकलेखन करता येणाऱ्या कोणाही माजी विद्यार्थ्यास हे साधण्याजोगे आहे.

केळापूर तालुक्याची गरज

आपल्या तालुक्याच्या दृष्टीने या विषयाचे खरे महत्त्व येथे आहे. बालभारतीची पुस्तके मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी आणि तेलुगू अशा आठ माध्यमांत निघतात. परंतु कोलाम पोडावरून शाळेत येणारे मूल घरी कोलामी बोलते, गोंड घरातील मूल गोंडी ऐकत वाढते, तांड्यावरील मुलाची बोली बंजारा असते. कोलामी आणि गोंडी तर द्राविड भाषाकुलातील आहेत. मराठीशी त्यांचे व्याकरण जुळत नाही. पहिलीत आलेल्या अशा मुलाला अक्षर आणि भाषा या दोन्ही परक्या गोष्टी एकाच वेळी शिकाव्या लागतात. ते गप्प बसले की आपण त्याला मंद समजतो. वस्तुतः त्याला प्रश्नच समजलेला नसतो.

कोलामी ही अभ्यासकांना अज्ञात भाषा नाही. एम. बी. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाचा कोलामीवरील ग्रंथ १९५५ मध्येच कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केला. सातासमुद्रापार या भाषेचे व्याकरण छापले गेले. पोडावरील मुलाच्या हाती मात्र त्याच्या भाषेतील गोष्टीचे पुस्तक सहसा दिसत नाही. छपाईचा खर्च आणि वाचकांची अल्प संख्या ही आजवरची अडचण होती. मुक्त साहित्याने ती बरीच दूर केली आहे. चित्रे तयार आहेत, कथा तयार आहे, परवानगीही आधीच दिलेली आहे. हवी आहेत ती दोन्ही भाषा जाणणारी माणसे, आणि ती आपल्या माजी विद्यार्थ्यांत आहेत. वर मराठी व खाली देवनागरीत कोलामी ओळ अशी आठ-दहा पानी पुस्तिका साध्या प्रिंटरवरही निघू शकते. घरातील आजीने तोंडी तपासली तर तिची भाषा अधिक अस्सल होईल.

आपल्या ग्रंथांविषयी

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षांनी संपतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. त्यामुळे १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’सारखे त्यांच्या हयातीतील ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सार्वजनिक झाले आहेत. १९५० मध्ये निवर्तलेल्या साने गुरुजींचे साहित्यही असेच खुले झाले असून त्यांची पुस्तके मराठी विकिस्रोतावर वाचता येतात. एक खबरदारी मात्र घ्यावी : मूळ ग्रंथ खुला असला तरी त्याच्या अलीकडील मराठी अनुवादावर अनुवादकाचा हक्क स्वतंत्रपणे असू शकतो.

आरंभ कसा करावा

मोठी योजना आखण्यापेक्षा एका सत्रात एकच पुस्तिका पूर्ण करावी. एकाने भाषांतर करावे, दुसऱ्याने भाषा तपासावी, शिक्षकाने ती वर्गात वाचून मुलांना कोठे अडखळायला होते ते टिपावे आणि मगच ती प्रसिद्ध करावी. अखेरच्या पानावर मूळ लेखक, चित्रकार, प्रकाशक, परवाना आणि भाषांतरकार यांची नावे द्यावीत, तसेच केलेले बदल नोंदवावेत. मुलांनी स्वतः रचलेली गोष्ट मंचावर ठेवायची असल्यास पालकांची संमती घ्यावी. मुलांचे छायाचित्र किंवा पत्ता देऊ नये.

ज्यांनी या शाळेच्या दिव्याखाली अभ्यास केला, त्यांना देणगी देण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. देणगीचे स्वागतच आहे. परंतु ज्याच्या घरी कोलामी, गोंडी किंवा बंजारा बोलली जाते अशा माजी विद्यार्थ्याने भाषांतरित केलेली एक पुस्तिका दिली, तर ती या शाळेपुरती राहणार नाही. यवतमाळातील एखाद्या दुसऱ्या पोडावरचे किंवा शेजारच्या आदिलाबादकडील मूलही ती वाचू शकेल. या वर्षी अशा एका पुस्तिकेने प्रारंभ व्हावा, एवढीच अपेक्षा.